विमानाच्या मशीनची किल्ली

वर्षाच्या शेडमध्ये पाय टाकला आणि आधी वास आला. तापलेल्या सोल्डरचा, नव्या वायरीच्या प्लास्टिकचा, आणि या दोन्हींच्या खालून टर्पेंटाइनचा. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टर्पेंटाइनचा वास यावा यात नवल काही नाही. पण माझ्यासाठी तो वास एकाच गावाचा आहे, वणीचा, आणि एकाच माणसाचा, वर्षाच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या मावसाजींचा. मी दारातच थबकले आणि पर्सवरची मूठ घट्ट केली.

व्हिडिओ गेमचं ते जुनं मशीन शेडच्या मधोमध दोन लाकडी पाटांवर उभं होतं. पूर्वी ते माझ्याहून उंच होतं, आता माझ्या कपाळाशी येत होतं. फुगीर काचेचा जुना पडदा काढून वर्षानं सपाट नवा पडदा बसवला होता. जिथं एकच काळा दांडा आणि दोन झिजलेली बटणं होती तिथं लाल, हिरवी, पिवळी बटणं चमकत होती. अंगावरचा निळा रंग मात्र तोच होता, जागोजागी पोपडे निघालेला. तो पाहून मला जरा बरं वाटलं आणि लगेच रागही आला, कारण त्या निळ्यावर फासायला नव्या रंगाचा डबा उघडून ठेवलेला होता आणि बाजूला ब्रश भिजत पडला होता.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला फार सज्जन समजायला नको. मला वर्षाचा मत्सर वाटतो. आज वाटतो, काल वाटत होता, आणि आम्ही दोघी फ्रॉकातून परकरात आलो तेव्हाही वाटत होता. वर्षा म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. त्या चार महिन्यांचं मोठेपण तिनं कधी मिरवलं नाही, याचाही मला राग येतो. ती शेतातल्या मोटारींचे स्टार्टर बनवते. स्वतःची शेड, हाताखाली दहा-बारा बाया. मी इथंच यवतमाळला सरकारी कचेरीत आवक-जावक पाहते.

आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. "मशीन आणली वणीवून. पुढनं सारं झालं व. पडदा नवा, बटनं नवी, आठशे गेमांचं कार्ड आणलं. मांगचं दार राह्यलं फक्त. त्याची किल्ली तं बाबाच्या काळातच हरपली. उद्या ड्रिल मारून कुलूप उडवतो. येतं का पाहाले?"

किल्ली हरपली नव्हती. ती माझ्याकडं होती. तीस वर्षांहून जास्त काळ ती माझ्या शाळेच्या कंपासपेटीत पडून होती, आणि आता पर्समध्ये होती. समोर वर्षाच्या हातात ड्रिल होतं, आणि मला ठरवायचं होतं की तोंड उघडायचं की नाही.

"आली का? बस," ती म्हणाली. "च्या पिऊ, मंग फोडू."

मी बसले. हातात कप आला. आणि टर्पेंटाइनच्या वासानं मला धरून वणीच्या बसमध्ये बसवलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई मला घेऊन माहेरपणाला म्हणून बहिणीकडं जायची. करंजी गेली, मारेगाव गेलं, की मी खिडकीच्या सळईवरून बोट फिरवायची. बोट काळं झालं की वणी आली. खाणीकडून येणारी माणसं कोळशानं काळी, चुन्याच्या भट्ट्यांवरून येणारी पांढरी, आणि मावसाजींच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात दोघंही एका बाकावर बसून गुलाबाचं सरबत प्यायची. काउंटरवर काळे आणि पांढरे पंजे उमटायचे. मावशी ओल्या फडक्यानं ते दिवसभर पुसत असायची. बर्फाच्या पेटीतला भुसा, गुलाबाचा इसेन्स, डिझेल, आणि बाहेरच्या कडुनिंबाखालून येणारा टर्पेंटाइन, असा त्या दुकानाचा वास होता.

कडुनिंबाखाली मावसाजी असायचे. दुकान नावाला त्यांचं, चालवायची मावशी. ते ट्रक रंगवायचे. ट्रकच्या पाठीवर कमळं, मोर, मालकाच्या मुलांची नावं, आणि नंबर. नंबर असा टाकायचे की पिवळ्या आकड्याला लाल सावली. हात हलायचा तो मनगटातून नव्हे, खांद्यातून. आमच्या घरी वडील कचेरीतून आले की पंख्याखाली पेपर वाचत आणि कोणी बोललं तर चष्म्यावरून पाहत. मावसाजी ब्रश तोंडात धरूनही बोलायचे. असा बाप वर्षाला कसा काय मिळाला, हा प्रश्न मी लहानपणी देवाला खरोखर विचारलेला आहे.

मशीन कुठून आलं ते मला माहीत नाही. एका उन्हाळ्यात नव्हतं आणि पुढच्या उन्हाळ्यात होतं. दुकानाच्या कोपऱ्यात, कूलरच्या बाजूला. त्यात एकच खेळ होता. खाली निळा समुद्र, वर आपलं छोटं पांढरं विमान, आणि समोरून येणारी लाल विमानं. आम्ही त्याला विमानाची मशीन म्हणायचो. वणीच्या धुळीत मी आयुष्यातला पहिला समुद्र पाहिला तो असा, काचेआड आणि सरळ उभा. पुढं लग्नानंतर खरा समुद्र पाहिला तेव्हा तो मला जरा मळकाच वाटला.

चालू मशीनला अंगचा एक वास असायचा, तापलेल्या धुळीचा. बाजूच्या प्लायवूडला गाल लावला की तो कोमट लागायचा आणि आतून बारीक घूं ऐकू यायचं. दिवसभर ड्रायव्हर-क्लीनर खेळायचे, आम्हाला कोणी जवळ येऊ देत नसे. पण दुपारी एक ते चार दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. बाहेर डांबर वितळायचं, कुत्री गटाराला पोट लावून निजायची. मावशी आणि आई आत घोरायच्या. आणि मावसाजी खिळ्यावरची किल्ली काढायचे.

त्या किल्लीला मावशीनं विणलेला लाल लोकरीचा गोंडा होता. मशीनचं मागचं दार उघडायचं, आत हात घालायचा आणि एक पांढरं बटण दाबायचं. पुढून टुणकन आवाज यायचा आणि नाणं न टाकता खेळ सुरू व्हायचा. त्या टुणकन आवाजासाठी मी वर्षभर यवतमाळला दिवस काढायची. वर्षासाठी तो रोजचा होता. सुट्टी संपून मी बसमध्ये बसायची तेव्हा मला हेच दिसायचं, की उद्या दुपारी एक वाजता शटर अर्धं खाली येईल, किल्ली निघेल, आणि ही एकटी त्या समुद्रावर उडेल.

तिचा हात चांगला होता. वेणीचं टोक दातात धरून ती खेळायची, डोळे न मिचकावता. मी दांडा धरला की पूर्ण अंगानं वाकडी व्हायची, आणि ती नुसती मनगटातून खेळायची. बापाचा हात बापानं ट्रकला दिला आणि उरलेला मुलीला दिला, असं मावशी म्हणायची. मला काय दिलं हे कोणी म्हणायचं नाही.

त्या काळी लाईन, म्हणजे वीज, दिवसातून चार वेळा जायची. लाईन गेली की मशीन सगळं विसरायचं. कोणी किती केले, कोण पहिलं, काही शिल्लक राहायचं नाही. म्हणून मावसाजींनी एक रीत पाडली. पहिल्या नंबरचा आकडा ते मागच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवून टाकायचे, तेच ते पिवळे आकडे, लाल सावलीचे. बाहेर रंगवला तर गिऱ्हाइकं नखानं खरवडतात, म्हणून आत. रंगवला की पक्का. पण एक अट होती.

"खेळनारीनं आपला आकडा सोतः नाही सांगाचा," ते म्हणायचे. "बाजूची सांगीन. हरनारीच्या तोंडून आला तं तो खरा."

ही अट त्यांना कुठून सुचली कोण जाणे. पाच वेळा वर्षानं पहिला नंबर केला आणि पाचही वेळा मी उन्हात पळत कडुनिंबाखाली जाऊन तिचा आकडा सांगितला. एकेक अंक बरोबर. सांगताना जीभ जड व्हायची, पण मी सांगितला. मावसाजी ब्रश घेऊन यायचे, मागचं दार उघडायचे, आणि वर्षाचं नाव आणि आकडा काढायचे. रंग वाळेपर्यंत दाराला वीट लावून ठेवायचे. त्या विटेकडं पाहत मी सरबत प्यायची आणि ते मला गोड लागायचं नाही.

मग ती मे महिन्यातली दुपार. आम्ही आठवीत जाणार होतो. माझी पिशवी भरून दारात ठेवलेली, चार वाजताची बस. त्या दिवशी माझ्या हाताला काय झालं होतं मला सांगता येणार नाही. लाल विमानं येत होती आणि मी त्यांच्या मधून निघत होते, अंग वाकडं न करता. वर्षाचा दारावरचा आकडा होता एक लाख पंधरा हजार. मी त्याच्या पुढं गेले. वर्षा माझ्या खांद्याशी उभी होती, तिच्या तोंडातल्या वेणीचा तेलकट वास येत होता. एक लाख अठरा हजार चारशे. आणि लाईन गेली.

पडदा आक्रसून मधोमध एक पांढरा ठिपका झाला, आणि तो ठिपकाही विझला. कूलरचा पंखा हळूहळू थांबला. आम्ही एकमेकींकडं पाहिलं आणि बाहेर पळालो.

मावसाजी एका ट्रकच्या फाळक्यावर कमळ काढत होते. "मावसाजी, लाईन गेली, पन माह्ये वर्षाहून जास्त झालते," मी धापा टाकत म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. वर्षाकडं पाहिलं. "किती झाले व?"

वर्षानं तोंडातली वेणी काढली. पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढली. "मी नाही पाह्यलं," ती म्हणाली.

"मंग नाही," मावसाजी म्हणाले आणि कमळाची पाकळी पुरी करायला वळले.

मी बसमध्ये जाऊन बसले. मारेगावपर्यंत रडले. तिथून पुढं रडणं थांबलं आणि जे आलं ते अजून गेलेलं नाही.

दिवाळीत पुन्हा गेलो. त्या दिवसांत वणीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या, बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लोंबायचे, दुकानात सीताफळांचा वास भरून राहायचा. मी मशीनकडं पाठ करून बसायची आणि सीताफळाच्या बिया एका रेषेत मांडायची. वर्षा दोन-तीनदा आली. "चाल ना, खेळू." मी म्हणायची, "तूच खेळ." मावसाजीही आले. गुडघ्यावर हात टेकून माझ्यासमोर वाकले.

"चाल वं पोरी, मशीनच्या मांगं तुले काही दाखवाचं आहे."

"मले नाही पाहाचं," मी म्हणाले.

मला पक्कं ठाऊक होतं ते काय दाखवणार. वर्षाचा सहावा आकडा. मी नसताना, माझ्या जागी कोणाला तरी उभं करून रंगवलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, मी परत नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी सगळे बाहेर पिशव्या रिक्षात ठेवत होते. दुकानात मी एकटी. खिळ्यावर लाल गोंडा. मी बाकावर चढले, किल्ली काढली आणि कंपासपेटीत टाकली. मला ती घेऊन काही उघडायचं नव्हतं. मला खेळायचंही नव्हतं. तिनं खेळू नये, एवढंच मला हवं होतं.

पंधरा दिवसांनी मावशीचं पत्र आलं. सगळी खुशाली लिहून शेवटी लिहिलं होतं, मशीनची मागची किल्ली कुठं पडली कोण जाणे, आता दुपारचा खेळ बंद आहे, वर्षी पायरीवर बसून राहते. आईनं ते पत्र मोठ्यानं वाचलं. नंतर मी ते एकटीनं तीनदा वाचलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी मशीन बंद पडलं. चंद्रपूरहून मिस्त्री आला, म्हणाला कुलूप फोडावं लागेल. मावसाजी नाही म्हणाले. "कुलूप फोडाचं नाही. किल्ली येईन." सगळे हसले. मशीन मागच्या कोठीत गेलं आणि त्याच्या डोक्यावर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट चढले. हे सगळं आई आणि मावशीच्या बोलण्यातून, स्वयंपाकघराच्या दारात पाट्यावर चटणी वाटताना माझ्या कानावर पडलं. माझा हात थांबला आणि परत चालू झाला.

वर्षाला मशीन उघडता येईना, म्हणून तिनं घरातलं बाकी सगळं उघडलं. आधी रेडिओ, मग कूलरची मोटार, मग ट्रकवाल्यांचे टेप. पुढं ती तीच विद्या शिकली आणि त्यातूनच तिची ही शेड उभी राहिली. म्हणजे किल्ली मी चोरली आणि नशीब तिचं उघडलं. याचा विचार केला की मला हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नसतं.

किल्ली परत देणं काय कठीण होतं? पण एक वर्ष गेलं की लाज वाटते, पाच गेली की भीती वाटते, आणि वीस गेली की ती वस्तू आपलीच वाटायला लागते. माझ्या लग्नाच्या पेटीत ती कंपासपेटी होती. दोन घरं बदलली, ती बदलली नाही. गोंड्याचा लाल रंग उडून विटकरी झाला. मागच्या वर्षी मावसाजी गेले, तेव्हा मी वणीला गेले. किल्ली पर्समध्ये घेऊन गेले आणि तशीच परत आणली. तिथं वर्षा माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवताना दुसऱ्या हातानं पर्स अंगाशी धरून होते.

"संपला का च्या?" वर्षा म्हणाली.

मी कप खाली ठेवला. शेडमधल्या बायांची जेवणाची सुट्टी झाली होती. डबे उघडले होते, ठेच्याचा वास सुटला होता. तांड्यावरून येणारी लीला नावाची एक बाई, वर्षाच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या शेडमधला सगळ्यांत जलद हात, भाकर हातातच घेऊन मशीनपाशी आली.

"कायले बदलवलं वं हे सारं?" मी वर्षाला म्हणाले. आवाज मला हवा होता त्याहून कडू निघाला. "जुना गेम होता तसा ठेवता आला असता. आठशे गेम काय करतं?"

"पडदा काढला तवा पाह्यलं, आतली जुनी प्लेट जळेल आहे, तिच्यात काही जीव नाही. पन आपलं विमान आहे ना या आठशेत, मी पाह्यलं. बाकीचे या पोरींसाठी. जेवनाच्या सुट्टीत नुसत्या मोबाइल पाहत बसतात." तिनं ड्रिलला पातं बसवलं. "आठवन ठेवाले तुह्याजवळ डोकं आहे. यायले खेळाले मशीन पाह्यजे."

हेच ते. जिच्याकडं सगळं होतं, तिला जुनं काढून नवं घालताना काही वाटत नाही. जिच्याकडं नव्हतं, ती जुन्याचा रंग, वास, कोमट लाकूड उराशी धरून बसते. मला तिच्या हातातलं ड्रिल दिसलं, आणि ते दार, ज्याच्या आत तिचे पाच आकडे होते. फुटू दे ते दार, असं एक मन म्हणालं. भोक पडू दे तिच्या नावाला.

तिनं पातं कुलपावर टेकवलं. बोट बटणावर गेलं. आणि मला मावसाजींचा हात दिसला, खांद्यातून हलणारा. त्यांनी रंगवलं होतं ते.

"थांब," मी म्हणाले.

पर्स उघडली. विटकरी गोंडा आधी निघाला, त्यामागं किल्ली. मी ती हातावर धरून तिच्यापुढं केली.

वर्षानं ड्रिल खाली ठेवलं. किल्लीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ओरडेल असं वाटलं होतं. तिनं नुसता एक लांब श्वास सोडला.

"आनली का," ती म्हणाली. "बाबा म्हनतच होते."

"काय म्हनत होते?"

"त्यायले माहीत होतं. तुमची रिक्षा गेली अन् खिळ्यावर किल्ली नोती. दुकानात तूच तं होती शेवटी. मले म्हने, पोरीले मागू नको. मागितली तं रागानं फेकून देईन. सोतःहून आनीन, तवा पाहीन."

"काय पाहीन?"

"उघड ना मंग. फोनवर ड्रिलचं उगीच थोडी सांगतलं तुले."

कुलूप गंजलेलं होतं. वर्षानं तेलाचे दोन थेंब सोडले. किल्ली अडली, मग फिरली. दार ओढलं तशी आतून धूळ पडली, कोळ्याची जाळी तुटली, आणि तो वास आला, तापलेल्या धुळीचा नाही, थंड झालेल्या धुळीचा. लीलानं मोबाइलचा उजेड धरला.

पाच आकडे होते. पिवळे, लाल सावलीचे, एकाखाली एक, प्रत्येकापुढं वर्षाचं नाव. आणि त्या पाचांच्या वर सहावा. त्याच्यापुढं माझं नाव होतं. नावाच्या दोन्ही बाजूंना एकेक कमळ होतं, ट्रकच्या फाळक्यावर काढायचे तसं. वर्षाच्या एकाही नावाला कमळ नव्हतं.

मी आकडा वाचला. एक लाख अठरा हजार चारशे पन्नास.

"चारशे," मी म्हणाले. एवढ्या वर्षांनी तोंडातून पहिला शब्द तोच निघाला. "चारशे होते."

"साडेचारशे," वर्षा म्हणाली. "लाईन जाता जाता शेवटचं लाल विमान तू पाडलं. तुही नजर विमानावर होती. आकडा मी पाह्यला."

"मंग नाही काहून म्हनली?"

ती दाराच्या कडेवरची धूळ बोटानं काढत राहिली. "तू चाल्ली होती. मले वाटलं, वर्षभर या दारावर तुह्यं नाव माह्या वर राहीन अन् मी रोज पाहीन." मग म्हणाली, "मले लय जळाचं तुह्यावर. तू शहरात राहे, तुह्ये बाबा हापिसात, तू चांगली बोले. तुही बस गेली अन् संध्याकाळी जेवन गेलं नाही. बाबाले सांगून देल्लं. त्यायनं दुसऱ्या दिवशी सकाळी रंगवलं. दिवाळीत तुले दाखवाले किती मांगं लागले, तू पाहेच ना."

मी खाली बसले. तिथंच, सोल्डरच्या थेंबांत आणि वायरींच्या तुकड्यांत. ज्या दाराआड माझं नाव होतं, त्याच दाराची किल्ली मी तीस वर्षं सांभाळली. आणि एक माणूस बाटल्यांचे क्रेट डोक्यावर घेतलेल्या मशीनचं कुलूप फोडू देत नव्हता, कारण पोरीनं स्वतः उघडावं. मला मावसाजींसाठी रडू आलं. आणि त्यातूनही, खरं सांगते, वर्षाचा मत्सर वाटला. तिला जेवण गेलं नाही एका संध्याकाळी आणि ती बोलून मोकळी झाली. मी त्यानंतर रोज व्यवस्थित जेवले.

लीला म्हणाली, "बाई, रडू नका ना. मशीन चालू करा."

वर्षानं मागून हात घातला, कार्ड बसवलं, वायरी जोडल्या. आतलं ते पांढरं बटण तिनं काढलं नाही. त्याला नवी वायर दिली. तिनं मला खुणावलं. मी दाबलं. पुढून टुणकन आवाज आला, जरा वेगळा, जरा चकचकीत, पण टुणकन. आठशेच्या यादीतून खाली खाली जात तिनं विमान शोधलं. तोच निळा समुद्र. बाया भाकरी हातात घेऊन भोवती उभ्या राहिल्या.

आधी मी खेळले. पूर्ण अंगानं वाकडी झाले आणि चाळीस हजारांच्या आत मेले. मग वर्षा. केस आता खांद्यापर्यंतच आहेत, वेणी नाही, म्हणून तिनं ओढणीचं टोक दातात धरलं. मनगटातून खेळत होती. मी तिच्या खांद्याशी उभी होते आणि आकड्याकडं पाहत होते. नव्वद हजार. एक लाख. एक लाख अठरा हजार चारशे पन्नास मागं पडले तेव्हा मी पुन्हा ती तेरा वर्षांची पोर झाले. शेवटचं लाल विमान तिला लागलं आणि खेळ संपला.

"हे आता सोतःच लक्षात ठेवते," वर्षा म्हणाली. "लाईन गेली तरी." आणि असं म्हणूनसुद्धा तिनं पिवळा डबा उघडला, ब्रश झटकला, आणि मागच्या दाराशी जाऊन उकिडवी बसली. माझ्या नावाच्या वर हातभर जागा होती.

"किती झाले व?" तिनं विचारलं. पाठ माझ्याकडं.

लीला सांगायला गेली, मी तिला हातानं थांबवलं. अटीप्रमाणे ते माझं काम होतं. जीभ जड झाली. "एक लाख चोवीस हजार तीनशे," मी म्हणाले.

ब्रश चालू लागला. एक. दोन. चार. टर्पेंटाइनचा वास पसरला. बापाचाच हात, खांद्यातून. तीन काढला, आणि ती थांबली. ब्रश परत डब्यात बुडवला, काठावर निथळला, पुन्हा बुडवला. शेवटच्या दोन अंकांची जागा कोरी होती. ती मागं वळली नाही.

"पन्नास," मी म्हणाले. "तीनशे पन्नास."

"हो," वर्षा म्हणाली, आणि पाच काढला.